झिजलेल्या लार्ज सेंटचा शेल्डन नंबर कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: पेनसिल्व्हेनियात एका जुन्या घराच्या सामानविक्रीत तुम्हाला तांब्याची चार मोठी अमेरिकन सेंट मिळाली. एकावर १७९८, एकावर १८०३, एकावर १८०७, आणि चौथ्याचं साल पुरतं घासून गेलेलं. दुकानदाराला दाखवलीत तर तो म्हणाला, आधी शेल्डन नंबर काढून आणा. तुम्ही घरी येऊन फोटोंशी ताडून बघायला बसलात आणि थोड्याच वेळात सगळी नाणी एकसारखी दिसायला लागली. आता हा नंबर काढतात तरी कसा, हे तुम्हाला हवंय.

आधी नंबराबद्दल. १७९३ ते १८१४ या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत जी मोठी सेंट पाडली गेली, त्यांच्या पुढच्या-मागच्या डायच्या (नाण्यावर छाप उठवणाऱ्या पोलादी ठशांच्या) प्रत्येक जोडीला विल्यम शेल्डन या नाणे-अभ्यासकांनी १९४९ साली क्रमांक दिले, एस-१ पासून एस-२९५ पर्यंत. म्हणजे हा नंबर एका डायचा नसून जोडीचा आहे. पुढची डाय तीच आणि मागची बदलली, की नंबर बदलला. ज्या जोड्यांच्या प्रती तेव्हा इतक्या कमी होत्या की सामान्य संग्राहकाच्या हाती लागणारच नाहीत, त्यांना 'एनसी' म्हणजे नॉन-कलेक्टिबल अशी वेगळी मालिका दिली. पुढे त्यांतल्या काहींच्या आणखी प्रती निघाल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. १८१५ हे साल असलेली सेंट नाहीतच, आणि १८१६पासूनच्या सेंटांना न्यूकम या दुसऱ्या अभ्यासकांचे 'एन' क्रमांक लागतात. तुमची चारही नाणी त्याआधीची दिसतात.

फोटोशी ताडून बघताना तुमचं बिनसलं, कारण डोळा आधी चेहरा बघतो, मग रंग, मग झीज. यांतल्या एकाचाही डाय ओळखायला उपयोग नाही. १७९८ सालच्या कित्येक डायवर लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचं, डोकं एकाच पंचाने (आकृती कोरलेल्या पोलादी ठोकणीने) उठवलेलं आहे, त्यामुळे चेहरे सारखे दिसणारच. फरक आहे तो हाताने ठोकलेल्या गोष्टींच्या जागांमध्ये: कुठलं अक्षर कशाच्या वर आलं, सालातला शेवटचा आकडा लिबर्टीच्या छातीवरच्या पदरापासून किती लांब राहिला, मागच्या बाजूच्या १/१०० या अपूर्णांकाची आडवी रेघ कुठून सुरू होऊन कुठे संपली. नाणं झिजलं की आकार जातात, पण जागा हलत नाहीत. जवळपास सपाट झालेल्या सेंटचाही नंबर निघतो तो याचमुळे.

त्या काळी डाय कशी तयार व्हायची हे एकदा कळलं की कुठे बघायचं ते आपोआप सुचतं. मऊ केलेल्या पोलादाच्या ठोकळ्यावर आधी डोक्याचा पंच दाबायचे. मग 'लिबर्टी'ची ७ अक्षरं, एकेका अक्षराचा पंच हातात धरून, वरून हातोडी मारून. सालाचे चार आकडे तसेच. मागच्या डायवर पानांची माळ, तिच्याभोवती 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका'ची २१ अक्षरं, मध्ये 'वन सेंट', खाली १/१००. माळेचे देठ, बेरी आणि बेरीच्या बारीक काड्या हाताने. काठाचे दातेही तसेच. कारागीर कितीही कसलेला असो, एवढ्या ठोकाठोकीत तीच जागा दोनदा साधणं त्याला शक्य नव्हतं. आपल्याकडे शिवराईच्या संग्राहकांना हे सांगायला नको. 'श्री राजा शिव'ची अक्षरं आणि ओळी कशा बसल्यात यावरूनच तेही प्रकार पाडतात. फरक एवढाच की शिवराईची चकती डायपेक्षा लहान, त्यामुळे अर्धा मजकूर चकतीबाहेर जातो. सेंटवर सहसा सगळा मजकूर चकतीत मावलेला असतो, म्हणून इथे डायची पक्की मोजदाद होऊ शकली.

हाताच्या कामात चुकाही होत, आणि चुकलेली डाय फेकून द्यायला टांकसाळ श्रीमंत नव्हती. पहिल्याच साली, १७९३च्या एस-१ वर, 'अमेरिका' लिहिताना जागा संपली म्हणून शेवटची दोन अक्षरं गाळून टिंब दिलंय. १७९६च्या एका डायवर 'लिबर्टी'तला बी आधी उलटा ठोकला आणि मग त्यावरच सरळ ठोकून दुरुस्त केला. आता तिथे एच असल्यासारखं दिसतं. १८०१च्या एस-२१९ ची मागची डाय तर कळसच: अपूर्णांकात १/१०० ऐवजी १/०००, माळेला दोनऐवजी एकच देठ, आणि 'युनायटेड'चा यू असा उमटलाय की शेजारी दोन आय उभे आहेत असं वाटावं. माळेला एकही देठ नसलेल्या डाय १७९७, १८०२ आणि १८०३ सालच्या आहेत. अशी चूक तुमच्या नाण्यावर असली तर नंबर पाच मिनिटांत निघेल. नसली तर शांतपणे बसावं लागेल.

सामान फार लागत नाही. ७ ते १० पट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, एकच दिवा, आणि एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. मायक्रोस्कोप नको. त्यातून एक अक्षर भलंमोठं दिसतं आणि शेजारचं दिसतच नाही, आणि आपल्याला तर शेजारच बघायचा आहे. दिवा बाजूला, खाली, जवळपास टेबलाच्या पातळीला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. गेलेल्या अक्षराची कड एखाद्याच दिशेच्या उजेडात उठून दिसते आणि लगेच नाहीशी होते. एका कोनातून पाहून 'इथे काही नाही' असं ठरवू नका. आणि नाणं घासू-पुसू नका, चिंच-लिंबू तर अजिबात नको. तांब्याचा मूळ पृष्ठभाग गेला की नंबर निघूनही नाण्याला भाव राहत नाही. मळ फारच असेल तर ॲसिटोन किंवा झायलीनमध्ये बुडवून ठेवून नुसतं निथळू द्यावं. मऊ ब्रश सरावलेल्या हातातच बरा.

आता क्रम. लोक नाणं घेऊन एकेका फोटोपाशी जातात आणि 'हे आहे का?' असं विचारतात. त्यापेक्षा उलट करा. आधी फोटो न बघता नाण्याचं टिपण लिहा: काय दिसतंय, काय दिसत नाही, काय नक्की आहे, काय अंदाजाने. मग त्या सालचे सगळे नंबर कागदावर मांडा आणि एकेका खुणेवर खोडत जा. जुळणी शोधणारा डोळा फार लबाड असतो; त्याला हवं ते तो जुळवतो. खोडणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी कारण द्यावं लागतं.

पुढच्या बाजूला मी या क्रमाने बघतो. सालाचे आकडे: एकमेकांपासून किती लांब, कोणता उंच, कोणता खाली. मग १ केसांच्या शेवटच्या बटीच्या किती जवळ आणि शेवटचा आकडा पदराला किती जवळ. मग वर, 'लिबर्टी'त कोणत्या दोन अक्षरांमध्ये जास्त फट, केसांची सगळ्यात उंच लाट नेमक्या कोणत्या अक्षराखाली, आणि वाय कपाळापासून किती दूर. मागच्या बाजूला मी जवळजवळ नेहमी अपूर्णांकापासून सुरुवात करतो. अंशातला १ छेदातल्या कोणत्या शून्याच्या वर आहे? रेघ छेदापेक्षा आखूड की लांब, डावीकडे सरकलेली की उजवीकडे, फितीला चिकटलेली की सुटी? एवढ्या चिमुकल्या जागेत पाच-सहा गोष्टी हाताने बसवलेल्या असल्याने तिथला कोणताही फरक चटकन दिसतो. मग देठांची टोकं कोणत्या अक्षरांकडे जातात, डाव्या-उजव्या फांदीला बेरी किती, आणि वरची पानं 'स्टेट्स'च्या शेवटच्या एसखाली कुठे येतात.

पानांच्या टोकांच्या बाबतीत सावध राहा. वर्णनात लिहिलेलं असतं की पानाचं टोक अमुक अक्षराच्या डाव्या पायाखाली आहे. झिजलेल्या नाण्यावर आधी ते टोकच जातं, पान आखूड होतं आणि वाटतं की ते अक्षराच्या अलीकडेच थांबलंय. म्हणून टोक कुठे संपतं ते न बघता पानाची मधली शीर कुठे रोखलेली आहे ते बघा. बेरीचंही तसंच. डाय खराब झाली की ती घासून पुन्हा गुळगुळीत करत. असं घासलं की डायवर कमी खोल कोरलेलं जे काही होतं ते पुसलं जायचं: बेरीची काडी, देठाचं टोक, फितीचा धागा. एक बेरी कमी दिसली म्हणून वेगळी डाय समजू नका. आधी इतर जागा जुळतात का बघा.

नाण्याचा व्यास मोजून काही हाती लागत नाही. ही सेंट बंद कड्यात न ठेवता पाडलेली, त्यामुळे एकाच डायची एक प्रत पसरट आणि दुसरी आखूड निघते. मागची बाजू पुढच्या बाजूच्या मानाने फिरलेली असली तरी बिचकू नका. यंत्रातली डाय सैल होऊन फिरायची आणि कोणी लगेच नीट करत नसे.

आता तुमची नाणी. सोप्यापासून घेऊ.

१८०३च्या सेंटचे एस-२४३ ते एस-२६५ असे २३ नंबर आहेत. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण सालाचा पहिला आकडा बघा. १ च्या माथ्याला टोक आहे की तो बोथट आहे? या सालच्या लहान तारखेच्या सगळ्या डायवर १ बोथट आहे. टोकदार १ आणि ठळक मोठा ३ असेल तर ती मोठी तारीख, आणि मोठ्या तारखेचे नंबर फक्त दोन: अपूर्णांक लहान असेल तर एस-२६४, मोठा असेल तर एस-२६५. एका खुणेवर २१ नंबर खोडले गेले. एस-२६४ तशी दुर्मीळ आहे, तेव्हा तिथे पोचलात तर घाई न करता दोन्ही गोष्टी पुन्हा तपासा. बहुतेक तुमचा १ बोथट निघेल. मग अपूर्णांक लहान की मोठा हा दुसरा फाटा, आणि त्यानंतर वर सांगितलेल्या जागा.

१८०७चे सहाच नंबर, एस-२७१ ते एस-२७६. ७ च्या आत-बाजूला ६ च्या गोलाईचे अवशेष दिसतात का बघा. दिसले तर परत १ कडे या: टोकदार १ आणि मोठे आकडे म्हणजे एस-२७३, जी सहज मिळते; बोथट १ आणि लहान आकडे म्हणजे एस-२७२, जी सहज मिळत नाही. नवशिक्याच्या हाती ही जोडी आली की तो ६ बघून खूश होतो आणि १ कडे बघतच नाही, म्हणून दोनदा सांगतोय. ६ नसेल तर डोक्याच्या मागची मोकळी जागा बघा. तिथे शेपटी असल्यासारखा फराटा असेल तर ती एस-२७१, जिला सगळे 'कॉमेट' म्हणतात. १८०७ साली आकाशात खरोखर मोठा धूमकेतू दिसला होता, पण नाण्यावरची शेपटी डायला झालेल्या इजेची आहे.

१७९८ हे खरं काम. एस-१४४ ते एस-१८७, म्हणजे ४४ नंबर. पहिला फाटा केसांचा. डोक्याचे दोन पंच वापरात होते. जुन्या पंचाचं डोकं १७९६, १७९७ आणि १७९८च्या बऱ्याच डायवर. नव्या पंचात खांद्याजवळ एक जास्तीची बट आहे आणि तो १७९८पासून १८०७पर्यंत चालला. गंमत अशी की १८००ची एक सेंट जुन्या डोक्याची निघते, कारण १७९८ची पडून राहिलेली डाय काढून तिचं साल बदललं होतं; भिंगाखाली खालचे आकडे दिसतात. तर आधी खांद्याजवळची बट बघा. नाणं झिजलेलं असेल तर बट सपाट झाली असेल, पण तिची बाहेरची कड खालच्या उजेडात सहसा सापडते. दुसरा फाटा ८ चा: मोठा की लहान? तिसरा, ८ च्या आत ७ आहे का? असेल तर एस-१५०, १५१ आणि १५२ एवढेच उरतात. चौथा, मागे माळेच्या उजव्या फांदीच्या शेंड्याला दोन पानं आहेत की एकच? बहुतेकांना दोन असतात. एकच दिसलं तर मागची डाय जुन्या साच्याची, आणि यादी एकदम आखडते. इथपर्यंत आलात की पाच-दहा नंबर उरतील. त्यांच्यासाठी अपूर्णांक, देठ आणि सालाची पदराशी जवळीक, या क्रमाने जा.

फोनवर दोन फोटो एकावर एक अर्धपारदर्शक ठेवून बघायची सोय असते. ती वापरा, पण शेवटी, दोन-तीन नंबर उरल्यावर. फोटो तिरका असेल तर ती दिशाभूल करते. डाय तीच असेल तर सगळी अक्षरं एकदम बसतात. तीन अक्षरं बसली आणि चौथं सरकलेलं दिसलं तर ती डाय वेगळी, भले बाकी सगळं कितीही सारखं वाटो.

तुम्ही तड्यांबद्दलही विचारलंय. डायला तडा गेला की त्या फटीत तांबं शिरतं, म्हणून नाण्यावर तडा उंच रेघ होऊन येतो. ओरखडा खोल असतो. हा फरक नखाने नाही, उजेडाने तपासा. दिवा फिरवला की उंच रेघेची सावली एका बाजूला पडते, खोलाची दुसऱ्या. काही तडे इतके ठळक की त्यांनी नाण्याला नाव दिलं: १७९४च्या एस-३३ ला मागच्या डायवर चाकाच्या आऱ्यांसारखे तडे आहेत आणि तिला तसंच म्हणतात. पण तड्यावरून नंबर काढायला जाऊ नका. तडा डायच्या आयुष्यात मध्येच येतो. त्याआधी पाडलेल्या नाण्यांवर तो नसतोच. १८०४ घ्या. त्या सालची एकच जोडी, एस-२६६, आणि तिचे अ, ब, क असे टप्पे. 'क'मध्ये पुढे 'लिबर्टी'च्या आर-टी-वायवर आणि मागे 'अमेरिका'च्या मधल्या अक्षरांवर डाय फुटून काठाला चिकटलेला ढेपसा दिसतो. 'अ'मध्ये दोन्ही डाय धड. जोडी एकच, चेहरा अगदी निराळा. म्हणून तडा जागांनी काढलेल्या नंबराला दुजोरा द्यायला वापरा, आणि नाणं डायच्या सुरुवातीचं की शेवटचं हे सांगायला.

तुमच्या साल वाचता येणाऱ्या नाण्यांत १७९६च्या आधीचं काही नाही, म्हणून ते थोडक्यात. १७९३ ते १७९५ची सेंट जाड, कायद्याने २०८ ग्रेन म्हणजे सुमारे १३.४८ ग्रॅमची. १७९५च्या शेवटी वजन १६८ ग्रेनवर, म्हणजे १०.८९ ग्रॅमवर आलं आणि कडेवरचं 'वन हंड्रेड फॉर अ डॉलर' गेलं. त्यामुळे १७९५ला एकाच जोडीचे दोन प्रकार होतात: एस-७६ 'अ' कडेवर अक्षरं असलेली, एस-७६ 'ब' साध्या कडेची. कड बघितल्याशिवाय १७९५ला नंबर देताच येत नाही. १७९४ तर वेगळंच जग. पन्नासाहून जास्त जोड्या एकाच सालात. १८६९च्या सुमारास एडवर्ड मॅरिस नावाच्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी त्यांची चेहऱ्यामोहऱ्यावरून नावं ठेवली: सफरचंदी गालाची, दुहेरी हनुवटीची, ४ खाली पडलेला वगैरे. ही नावं आजही चालतात, पण मला ओळखण्यासाठी त्यांचा कधी फारसा उपयोग वाटला नाही. गाल झिजला की सफरचंद कुठलं? लक्षात ठेवायला मात्र छान. त्याच सालची एस-४८ सगळ्यांत विक्षिप्त: मागच्या बाजूला काठाच्या दात्यांमध्ये ९४ बारीक पाचटोकी तारे आहेत. ते तिथे का आले याच्यावर भरपूर तर्क झालेत, समाधानकारक एकही नाही. झिजलेली १७९४ हाती आली की मी आधी काठावर दोन-चार तारे शिल्लक आहेत का हे बघतो. तुम्हीही बघा.

किमतीचा प्रश्न दुर्मिळतेशी बांधलेला आहे. दुर्मिळता 'आर' (रॅरिटी) आकड्यांनी सांगतात. आर-१ म्हणजे १,२५० हून जास्त प्रती शिल्लक असतील असा अंदाज. आर-५ म्हणजे ३१ ते ७५. आर-७ म्हणजे ४ ते १२. आर-८ म्हणजे १ ते ३. एकाच सालाची, सारखीच झिजलेली दोन नाणी, एक आर-१ आणि एक आर-६: फरक किती पडेल ते तुम्हीच बघा. तपासणी कंपन्यांकडून प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून येणाऱ्या नाण्यांच्या लेबलवरही पुष्कळदा नुसतं साल असतं, एस नंबर नसतो. खऱ्या शोधाची जागा तीच. जाता जाता: हल्ली सगळ्याच नाण्यांना लावतात ती ७० गुणांची मोजपट्टी शेल्डन यांनी या सेंटांसाठीच काढली. याच शेल्डन यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट काढून त्यांच्या जागी हलक्या प्रतीची ठेवली, हे नंतर उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. ते उघड झालं जुन्या फोटोंमुळे. प्रत्येक नाण्यावरचे ओरखडे त्याचे एकट्याचे असतात.

खोट्या नाण्यांकडे येऊ, कारण सालावर भाळून सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. १७९९ फार कमी मिळते आणि तिचे दोनच नंबर आहेत: एस-१८८, जिच्यात ९ च्या खाली ८ आहे, आणि एस-१८९. म्हणून १७९८च्या ८ ला कोरून ९ करणारे पूर्वीपासून आहेत. आकडा बदलता येतो, पण बाकीच्या तीन आकड्यांच्या, सात अक्षरांच्या आणि मागच्या अख्ख्या डायच्या जागा कोण बदलणार? मागची बाजू जर १७९८च्या एखाद्या जोडीची निघाली, तर पुढे काहीही लिहिलेलं असो, विश्वास ठेवू नका. १८०४चंही तसंच. खऱ्या १८०४वर सालातला ४ आडव्या रेघेच्या टोकाला उभी दांडी असलेला, अपूर्णांक मोठा, आणि सालातल्या ० च्या बरोबर पाठीमागे 'ऑफ'चा ओ येतो. १८६०च्या सुमारास टांकसाळीबाहेर एक नक्कल पाडली गेली: १८०३ची टाकून दिलेली पुढची डाय सुधारून १८०४ केली आणि मागे १८२०ची डाय लावली. ती स्वतःच आता संग्रहाची वस्तू आहे, पण मागची माळ बघितली की लगेच कळते. याशिवाय दोन तांब्याच्या पत्र्यांमध्ये शिसं भरून केलेल्या जुन्या नकला असतात; कडेवर सांध्याची रेघ शोधा आणि वजन करा. हल्लीच्या नकला खऱ्या नाण्यावरून डाय उठवून केलेल्या असतात, त्यामुळे जागा तर जुळतातच. तिथे वेगळी युक्ती लागते: दोन वेगवेगळ्या नाण्यांवर अगदी त्याच ठिकाणी तोच खड्डा, तोच ओरखडा दिसला की दोन्ही एकाच मूळ नाण्याची पिल्लं. बाजारात विकायला आलेल्या त्या नंबराच्या इतर प्रती शोधून खड्डे ताडून बघा.

चौथं, साल नसलेलं नाणं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण माझ्या मते तुमच्या चारांत तेच सगळ्यात रंजक आहे. साल गेलं म्हणजे नाणं अनाथ झालं असं नाही. मागची डाय बहुतेक वेळा एका ठरावीक सालात, फार तर दोन सालांत वापरली गेली. ती डाय ओळखता आली की साल मागून मिळतं. डोकं कोणत्या प्रकारचं यावरून दशक मिळेल: टोपी आणि काठीवाली लिबर्टी असेल तर १७९३ ते १७९६, फितीने केस बांधलेली, छातीवर पदर असेल तर १७९६ ते १८०७, कपाळावर 'लिबर्टी' लिहिलेला पट्टा असेल तर १८०८ ते १८१४. पदरवाली असेल तर खांद्याची बट बघा, म्हणजे १७९८च्या अलीकडची की पलीकडची ते बहुतेक ठरेल. मग सरळ मागच्या अपूर्णांकावर जा. सालाच्या जागी एखादा आकड्याचा पाय किंवा पदराजवळ शेवटच्या आकड्याची सावली उरली असेल तर तीही टिपा. ७ चा पाय आणि ३ ची गोलाई कितीही झिजली तरी एकमेकींसारखी दिसत नाही. १७९९ आणि १८०४ची कितीतरी नाणी अशीच, साल वाचता येत नसताना, नुसत्या मागच्या बाजूवरून ओळखली गेलेली आहेत. म्हणून दुकानदाराने 'हे तर बिनसालाचं' म्हणून भंगारभावात मागितलं तर आत्ताच देऊ नका.

नंबर काढताना अडलात तर फोटो पाठवा, पण हे सांभाळून: फोन नाण्याच्या बरोबर वर, तिरका नको, फ्लॅश बंद, उजेड डावीकडून एकदा आणि वरून एकदा, म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन फोटो, दोन्ही बाजू सरळ धरून. कडेचा एक वेगळा, वजन ग्रॅममध्ये, आणि तुम्ही आतापर्यंत कोणते नंबर कशावरून खोडलेत त्याची यादी सोबत. १७९८साठी खांद्याच्या बटीचा आणि अपूर्णांकाचा जवळून घेतलेला फोटो एवढाच पुरेल. चौथ्यासाठी मागची बाजू जितक्या दिशांच्या उजेडात घेता येईल तितक्यांत घ्या.